‘देवी काढणे’ : दक्षिण कोकणातील लसीकरण आणि पालकांचा नकार

मराठीने ज्या रोगाला ‘देवी’ हे नाव दिले, त्या रोगावरील प्रतिबंधक उपायालाही तिने तेच नाव दिले. मूल आजारी पडले तर त्याला ‘देवी आल्या’, आणि सरकारी माणसाने त्याच्या दंडावर लस टोचली तर त्याच्या ‘देवी काढल्या’. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७) ह्या एका शब्दाखाली देवता आणि रोग हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. हा निव्वळ नामसाम्याचा प्रकार नव्हे. ज्या समाजाने हा शब्द वापरला त्याच्या दृष्टीने रोग ही देवतेची कृती नव्हती, तर प्रत्यक्ष आगमन होते. आणि म्हणून रोग टाळण्याचा उपाय म्हणजे त्या आगमनात केलेला हस्तक्षेप ठरत होता. मुलांच्या औषधोपचाराला आईबापांनी धर्मभावनेमुळे दिलेल्या नकाराचा महाराष्ट्रातील सर्वांत दीर्घ आणि सर्वांत व्यापक इतिहास ह्या शब्दाभोवती घडला आहे. त्याकडे आतापर्यंत प्रायः आरोग्यखात्याच्या बाजूने पाहिले गेले. त्या बाजूने पाहिले म्हणजे ‘अज्ञान’ ह्या एका शब्दात विषय संपतो. पण तो तसा संपत नाही.

प्रथम व्याकरणाची एक गोष्ट. ‘देवी आल्या’ ह्या प्रयोगात क्रियापद अनेकवचनी आहे, आणि ‘देवी’ ह्या स्त्रीलिंगी नामाचे अनेकवचनी रूप एकवचनाहून निराळे नाही. त्यामुळे अंगावरचे फोड असा अर्थ घ्यावा की आदरार्थी बहुवचनातील देवता असा घ्यावा, ह्याचा निर्णय वाक्य करीत नाही, आणि बोलणाऱ्यालाही तो करावासा वाटत नाही. देवता ‘अंगात’ येते तेव्हा तो संचार होतो. ‘अंगावर’ येते तेव्हा तो रोग होतो. फरक केवळ शब्दयोगी अव्ययाचा! घरात देवी आल्या असता फोडणी द्यायची नाही, कडुनिंबाचा पाला जवळ ठेवायचा, मुलाला शीतल ठेवायचे, आणि रोग ओसरला की देवतेची पाठवणी करायची. हा सगळा आचार पाहुण्याच्या आतिथ्याचा आहे, शत्रूशी लढण्याचा नाही. ‘काढणे’ हे क्रियापदही लक्षात घेण्याजोगे आहे. रांगोळी काढतात म्हणजे जी नव्हती ती रेखाटतात. काटा काढतात म्हणजे जो होता तो बाहेर ओढतात. ‘देवी काढणे’ ह्यात दोन्ही छटा आहेत: निरोगी दंडावर देवी उमटवणे, आणि पुढे येणाऱ्या देवीचा काटा आधीच उपटणे. आईच्या कानाला पहिली छटा आधी ऐकू येत असली पाहिजे. नकाराचे मूळ तेथे आहे.

‘लस’ हा शब्द तर आणखी अडचणीचा. संस्कृतातील ‘लसीका’शी त्याचे नाते सांगतात, परंतु बोलीत लस म्हणजे जखमेतून झिरपणारा पाणचट स्राव. आज हा शब्द धुऊन निघाला आहे, पण एकोणिसाव्या शतकात तो ऐकणाऱ्या माणसाला त्यात पू दिसे. आणि हे दिसणे चुकीचे नव्हते, कारण त्या काळची पद्धतच तशी होती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला जी लस टोचली गेली, ती व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा ह्या मार्गाने आली होती. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावर जो फोड उठला त्यातील लस आणखी पाच मुलांना दिली गेली आणि तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. बर्फ नसलेल्या काळात लस जिवंत ठेवण्याचे खात्रीचे पात्र एकच: लहान मूल. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, असा तो प्रवास अनेक दशके चालला.

ह्याचा अर्थ असा की, ‘देवी काढून घ्या’ असे जेव्हा आईबापांना सांगितले जाई, तेव्हा त्यांच्याकडे दोन मागण्या होत. पहिली, आपल्या मुलाच्या अंगात दुसऱ्याच्या मुलाचा स्राव घ्या. दुसरी, आठवड्याने आपल्या मुलाचा फोड फोडून त्यातील स्राव तिसऱ्यासाठी द्या. ते दुसरे मूल कोणत्या जातीचे, हा प्रश्न स्पर्शास्पर्श पाळणाऱ्या समाजात विचारला जाणारच होता. फोड फोडण्याच्या वेळी मुलाला जी यातना होई, तिचा फायदा त्या मुलाला काहीच नव्हता, हेही आईला उघड दिसे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली आणि जातीचा प्रश्न मागे पडला, तो गोवंशाचा प्रश्न पुढे करून! विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावला लस तयार करणारी संस्था उभी राहिली आणि मुंबई इलाख्यात तिचा पुरवठा होऊ लागला. दंडावरून दंडावर नेण्याची पद्धत संपल्यावर विरोध ओसरत गेला. विरोधाचा काही भाग धर्माच्या शब्दांत बोलला गेला तरी त्याचे कारण पद्धतीतच होते, हे यावरून दिसते.

आता दक्षिण कोकणाकडे वळावे. फोंडाघाट हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. येथून घाटरस्ता दाजीपूर-राधानगरीवरून कोल्हापूरकडे जातो, आणि देवगड-निपाणी मार्गही येथूनच चढतो. किनाऱ्याचे मीठ-मासळी वर आणि घाटावरचा गूळ-धान्य खाली, असा हा उतारपेठेचा गाव. अशा गावी माल उतरतो तसा रोगही उतरतो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला, तोपर्यंत हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता. इंग्रजी अमलात घाट चढला की कोल्हापूर संस्थान लागे आणि दक्षिणेस गेले की सावंतवाडी संस्थान. मुंबई सरकारचे कायदे ज्या सीमेवर थांबत तेथे बैलगाड्या थांबत नसत, हे लसीकरणाच्या इतिहासात विसरून चालत नाही. शिवाय मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोकणी चाकरमानी शिमग्याला, गणपतीला गावी येई, आणि शहरातील साथीची वार्ता किंवा खुद्द साथ बरोबर आणी.

ह्या भागातील गावऱ्हाटीत ‘नकार’ ही व्यक्तीची गोष्ट नसते. गावाचा देव रवळनाथ असो, पावणाई असो, सातेरी असो, महत्त्वाच्या कामापूर्वी त्याला कौल लावण्याची रीत आहे. देवाच्या अंगावर तांदळाचे दाणे किंवा फुलांच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. गुरव कौल लावतो, घाडी गाऱ्हाणे घालतो, बारापाच मानकरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. मालवणीत गाऱ्हाणे म्हणजे प्रार्थना. आणि ‘कौल’ हा शब्द तर अरबी आहे! त्याचा मूळ अर्थ वचन, बोललेला शब्द. महसुली कागदपत्रांत लागवडीचा कौल, अभयाचा कौल असे तो येतो. राज्यकर्त्याने रयतेला दिलेले लेखी आश्वासन ते कौल, आणि ग्रामदेवतेने लेकराच्या दुखण्याबद्दल दिलेले आश्वासन तेही कौलच. सरकार आणि देव ह्या दोघांकडून अभय मागण्यासाठी कोकणातील माणसाने एकच शब्द वापरला. लस टोचणारा कर्मचारी दारात येई तेव्हा तो ह्यांपैकी एका सत्तेचा कौल घेऊन येई, दुसरीचा नव्हे. आणि मुलाचे दुखणे हा परंपरेने दुसरीचा प्रांत होता.

बंगाल-ओरिसातील टीकादारांशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. टीकादार माणसाच्याच देवीतील स्राव टोचत असत; हा उपाय इंग्रजी लसीहून धोक्याचा होता. पण टीकादार येई तो शीतलेची पूजा करून, पथ्ये सांगून, ऋतू पाहून येई. लोकांचा विरोध सुईला असता तर टीकादारही परत गेला असता. विरोध होता तो देवतेला न विचारता आलेल्या सुईला. १८८० च्या केंद्रीय लसीकरण कायद्याने, तो जेथे लागू झाला तेथे, टीकादारांच्या पद्धतीला बंदी केली, आणि लोकांना परिचित असलेला विधियुक्त मार्ग बंद करून अपरिचित व विधिहीन मार्ग सक्तीचा केला. वैद्यकीय दृष्ट्या हा निर्णय निःसंशय योग्य होता. राजकीय दृष्ट्या तो तितकाच अवघड होता.

मुंबई शहरापुरती सक्ती १८७७ च्या कायद्याने आली. इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ चा कायदा झाला. सक्ती अर्थात मुलावर नव्हती, पालकावर होती, आणि न पाळल्यास शिक्षा दंडाची होती. येथे विलायतेतील घडामोडी ध्यानात घेतल्या पाहिजेत, कारण हे कायदे तेथल्याच साच्यातून निघालेले. इंग्लंडात अर्भकांच्या लसीकरणाची सक्ती १८५३ मध्ये झाली आणि तिला इतका तीव्र विरोध झाला की १८९८ मध्ये सरकारने माघार घेऊन सदसद्विवेकबुद्धीला पटत नसल्यास पालकाला सूट दिली. पुढे महायुद्धांत गाजलेली सदसद्विवेकाने आक्षेप घेणाऱ्याची संकल्पना इंग्रजी कायद्यात शिरली ती बंदुकीमुळे नव्हे, देवीच्या सुईमुळे. गंमत अशी की, त्याच १८९८ सालाच्या अखेरीस त्याच देशाच्या न्यायालयाने ‘पिक्यूलिअर पीपल’ ह्या ख्रिस्ती पंथातील सीनियर नावाच्या बापाला मनुष्यवधाबद्दल दोषी धरणारा निकाल कायम केला. ह्या पंथाची श्रद्धा अशी की, बायबलातील याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी. वैद्य बोलावणे म्हणजे देवावरचा अविश्वास. सीनियरने मुलाची शुश्रूषा प्रेमाने केली होती, पण डॉक्टर आणला नव्हता. तीस वर्षांपूर्वी, १८६८ मध्ये, त्याच पंथातील वॅगस्टाफ दांपत्याला ज्यूरीने निर्दोष सोडले होते. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून मुलाला वैद्यकीय मदत बुद्ध्या न पुरवणे हा गुन्हा ठरवला. सीनियरचा निकाल त्या वाटेवरचा.

एकाच वर्षी एक सूट आणि एक शिक्षा, ही विसंगती वरवरची आहे. निरोगी मुलाला लस नाकारणारा बाप एक संभाव्य धोका पत्करतो. तापाने फणफणलेल्या मुलाला डॉक्टर नाकारणारा बाप समोर उभा असलेला मृत्यू पत्करतो. इंग्रजी कायद्याने ही रेघ ओढली. मराठी भाषेत मात्र ती ओढणे कठीण होते. लस टोचलेल्या मुलालाही ‘देवी’च आलेल्या असत; त्यालाही ताप येई, फोड उठत, वण राहत. प्रतिबंध आणि रोग ह्यांत विलायतेतील बापाला दिसणारे अंतर येथील आईला तिच्या भाषेने दाखवलेच नव्हते. तिच्या दृष्टीने धडधाकट लेकराला आजारी पाडणारा मनुष्य दारात आला होता.

नकार देणारे सगळेच अशिक्षित होते असे मानण्याची चूक करू नये. महाराष्ट्राच्या भूमीवर ह्या विषयातील सर्वांत सुस्पष्ट नोंद एका बॅरिस्टराची आहे. १९०२ मध्ये गांधी मुंबईस गिरगावात राहत असताना त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल, वय वर्षे दहा, विषमज्वराने आजारी पडला. फुप्फुसाचाही दाह होता. पारशी डॉक्टरांनी सांगितले की औषधाचा उपयोग थोडा; अंडी आणि कोंबडीचे सूप दिले पाहिजे. गांधींनी धर्माचे कारण देऊन ते नाकारले, डॉक्टरांना नाडी पाहण्यासाठी येत राहण्याची विनंती केली, आणि स्वतः कटिस्नान व ओल्या चादरीचा उपचार चालवला. ताप १०४ अंशांपर्यंत गेलेला. एका रात्री मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून ते चौपाटीवर फिरून आले, तेव्हा त्यांच्या मनाची काय अवस्था होती हे आत्मकथेत त्यांनी लपवलेले नाही. मुलगा बरा झाला.

ह्या प्रकरणातील अभ्यासकाने थांबावे अशी जागा दुसरीच आहे. गांधींनी मुलाला डॉक्टरांचे म्हणणे सांगून त्याचे मत विचारले. मुलाने अंडी-सूप नको म्हटले. गांधींना आनंद झाला. पण आपण ते पदार्थ दिले असते तर त्याने ते घेतलेच असते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. दहा वर्षांच्या मुलाची संमती म्हणजे बापाच्या श्रद्धेचा प्रतिध्वनी, ही कबुली खुद्द बापाने दिली आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना डॉक्टरांनी गोमांसाचा अर्क देण्याचा आग्रह धरला तेव्हा कस्तुरबांनी स्वतः नकार दिला, आणि त्या अशक्त अवस्थेत त्यांना फीनिक्सला हलवले गेले. बाहेरून पाहता दोन्ही नकार सारखेच. तरी एक स्वतःच्या देहाबद्दल आहे, दुसरा दुसऱ्याच्या. मराठीत दोन्हींना ‘नकार’च म्हणतात, ही भाषेची उणीव मानावी लागेल.

देवीच्या लसीबद्दल गांधींचे मत प्रतिकूल होते. १९३० च्या आरंभी साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांत आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे ह्यांचा मुलगा होता. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली तेव्हा पंडित खरे तीत चालत होते. त्यांच्या धैर्यापुढे मान लववूनही हे म्हटले पाहिजे की, मणिलालच्या वेळी ज्या श्रद्धेची परीक्षा झाली तीच श्रद्धा येथे होती. निराळा होता तो केवळ परिणाम. यशस्वी नकाराची गोष्ट आत्मकथेतील एका प्रकरणामुळे घरोघर पोचली. अयशस्वी नकाराची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सर्वच समाजांत हा नियम दिसतो, आणि नकाराची परंपरा टिकण्यास तो बराच कारणीभूत आहे: वाचलेले मूल मोठेपणी साक्ष देते.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये देवी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शेवटच्या वर्षांत त्याने बळाचाही वापर केला. बिहारातील सिंगभूम भागात एका आदिवासी मुखियाच्या घराचे दार रात्री मोडून त्याला व त्याच्या कुटुंबाला धरून लस टोचल्याचा वृत्तांत मोहिमेतील डॉक्टरांनीच लिहून ठेवला आहे. रोग देणे न देणे देवाच्या हाती, हे त्या मुखियाचे म्हणणे होते. आणि झटापट संपल्यावर त्याने परसातील काकडी तोडून ह्याच पाहुण्यांपुढे ठेवली. आपला धर्म आपण पाळला, तुमचा तुम्ही पाळलात, असा त्याचा भाव होता. मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. सक्तीने जीव वाचले हे खरे, आणि ती काकडीही खरी.

कोकणात ह्यानंतर हा प्रश्न मिटला नाही. त्याने रोग बदलला. विंचू आणि साप ही तेथील मुलांवरची नेहमीची संकटे. १९७६ पासून कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांच्यापुढे लाल विंचू चावलेली मुले मांत्रिकाकडून उशिरा येत. ह्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या काळी दवाखान्याकडेही खात्रीचा उपाय नव्हता. प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग त्यांनी सिद्ध केला, ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. उपाय गुणकारी ठरल्यावर मांत्रिकाच्या दारातील मुले दवाखान्याच्या दारात आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. ह्या तरतुदीचा रोख उपचारापासून रोखणाऱ्यावर आहे. त्या रोखणाऱ्याचे बोट धरून गेलेल्या बापाचे काय, हा प्रश्न ती निराळा विचारत नाही.

तो प्रश्न जुन्याच कायद्याकडे परत जातो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या हिताची कृती पालकाच्या संमतीने करण्यास संरक्षण दिले, आणि ९२ व्या कलमाने पालकाची संमती वेळेत मिळणे शक्य नसल्यास संमतीवाचूनही. ९२ व्या कलमाखाली एक दृष्टान्त आहे. अपघातात सापडलेले मूल. शस्त्रक्रिया तत्काळ झाली नाही तर मरण. पालकाला विचारण्यास अवधी नाही. मूल विनवण्या करीत असताही शल्यवैद्य शस्त्रक्रिया करतो, आणि तो गुन्हेगार ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यात ही कलमे अनुक्रमे २७ आणि ३० झाली आहेत. क्रमांक बदलले, दृष्टान्त राहिला. त्यातील पालक दूर कोठे तरी आहे, त्याच्यापर्यंत निरोप पोचत नाही. फोंडाघाटासारख्या गावी डॉक्टरापुढे जो पालक येतो तो दूर नसतो. तो मुलाच्या उशाशी बसलेला असतो, आणि देवाने कौल दिलेला नाही असे सांगत असतो.